सफोकच्या गावांमधल्या पबांत जेवायला जायचंय? मेनू नंतर बघा, आधी किचनची वेळ बघा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सफोकला फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींचा दिवस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. सकाळी आरामात निघायचं, ऑल्डबराच्या बीचवर तास-दीड तास फोटो, मग ऑर्फर्डचा किल्ला, आणि पावणेतीनला गाडीतल्या सगळ्यांना एकदम कडकडून भूक लागते. समोर मस्त जुना पब दिसतो, दार उघडं, आत लोक बसलेत, आणि बारवरची मुलगी हसून सांगते, सॉरी, किचन अडीचलाच बंद झालं, क्रिस्प्स (पाकिटातले वेफर्स) चालतील का? तर सगळ्यात आधी हेच डोक्यात पक्कं करा की पब उघडा आहे म्हणजे किचन चालू आहे असं अजिबात नसतं. बाकी सगळं नंतर.

साधारण हिशोब असा. दुपारी १२ ते २ किंवा २.३०, संध्याकाळी ६ ते ८.३०, फार तर ९. रविवारी १२ ला सुरू होऊन सलग ४ पर्यंत वगैरे आणि त्यानंतर रात्री काही नाही, म्हणजे पब चालू, बिअर चालू, जेवण बंद. सोमवार-मंगळवार तर पुष्कळ पब पूर्णच बंद असतात, हिवाळ्यात बुधवारही जातो कधीकधी. लंडनमधून येणाऱ्यांना हे विचित्र वाटतं पण गावातल्या पबच्या किचनमध्ये एक शेफ, फार तर हाताखाली अजून एकजण आणि भांडी घासायला गावातलं कॉलेजचं पोरगं एवढीच माणसं असतात, त्यांनी दिवसभर गॅस चालू ठेवायचा कोणासाठी. नकाशाच्या ॲपवर जी वेळ दिसते ती पबची असते बरं का, किचनची नाही. पबच्या वेबसाइटवर जेवणाच्या वेळा वेगळ्या लिहिलेल्या असतात, त्या शोधा, आणि तरी शंका असेल तर सरळ फोन करा. फोन सकाळी ११ ते १२ च्या मध्ये किंवा दुपारी ३ नंतर करावा, एक वाजता केलात तर कोणी उचलणार नाही आणि उचललाच तर बोलायला वेळ नसेल.

फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. किचन शेवटची ऑर्डर किती वाजता घेतं, टेबल बुक करावं लागेल का, आणि आमच्यात अमुक इतके शाकाहारी आहेत तर काय मिळेल. तिसरा प्रश्न लाजू नका, आधी कळलं तर चांगला शेफ काहीतरी करून देतो, ऐनवेळी सांगितलं तर तुमच्या नशिबी चिप्स (इथे चिप्स म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या जाड फोडी) आणि साइड सॅलड. सहा-आठ जणांच्या वर असाल तर बऱ्याच ठिकाणी आधीच ऑर्डर कळवायला सांगतात आणि कार्डाचा नंबर घेतात, न सांगता आला नाहीत तर माणशी पैसे कापतात, ते फसवणूक वगैरे नसतं. येणार नसाल तर कळवा एवढंच.

बुकिंगच्या बाबतीत अजून एक, जूनमध्ये ऑल्डबरा फेस्टिव्हल हा संगीत महोत्सव असतो, १९४८ पासून चालू आहे, त्याचे मुख्य कार्यक्रम स्नेप मॉल्टिंग्जच्या हॉलमध्ये होतात, आणि कार्यक्रमाच्या आधी तिथल्या आजूबाजूच्या सगळ्या पबांमध्ये साडेपाच ते सात टेबल मिळणं मुश्किल. जुलैत हेनम पार्कला लॅटिट्यूड फेस्टिव्हल असतं तेव्हा साउथवोल्डच्या बाजूचे रस्ते भरलेले. आणि सध्या साइझवेल सी या अणुवीज प्रकल्पाचं काम चालू असल्यामुळे लीस्टन-यॉक्सफर्डच्या बाजूला ट्रक आणि रस्त्याची कामं आहेत, तेव्हा त्या भागात बुकिंग असेल तर वीस-पंचवीस मिनिटं जास्तीची धरून निघा. बुकिंग न करता जायचं असेल तर बाराच्या ठोक्याला दारात उभे राहा. एक वाजता जाऊन बघू काय होतंय ते, हा प्लॅन रविवारी चालत नाही म्हणजे नाही.

आता जायचं कसं. गाडी असेल तर एकाने प्यायचं नाही हे घरूनच ठरवून निघा, इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे पण ती मोजत बसण्यात अर्थ नाही, गावातले रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूला उंच कुंपणाची झुडपं, रात्री दिवे नाहीत, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घेत घेत रुंद जागा शोधायची, हे एक पाईंट पिऊन करायचं कामच नाही. पोस्टकोडवर पण फार विसंबू नका, गावाकडे एक पोस्टकोड चार शेतं आणि सात घरांना मिळून असतो, पबचं नाव टाकून शोधा आणि नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा कारण नेटवर्क जातं. बस संध्याकाळनंतर जवळपास नाहीतच. टॅक्सी हवी असेल तर दोन दिवस आधी सांगून ठेवावी लागते, ॲपवर बटण दाबलं आणि पाच मिनिटांत आली असं इथे होत नाही.

गाडीच नसेल तर सरळ रेल्वेच्या काठाकाठाने जा. इप्सविच ते लोस्टॉफ्ट अशी ईस्ट सफोक लाइन आहे, साधारण तासाला एक गाडी, त्यावर वुडब्रिज हे माझ्या मते जेवायला जाण्यासाठी सगळ्यात सोयीचं गाव. स्टेशन थेट डीबन नदीच्या काठावर, बाजूलाच भरतीच्या पाण्यावर चालणारी जुनी गिरणी, आणि दहा मिनिटं चढ चढून गेलात की मार्केट हिलच्या आसपास चालत जाता येतील इतक्या अंतरात पबच पब. तिथल्या ये ओल्ड बेल अँड स्टीलयार्डच्या बाहेर रस्त्यावर आलेलं एक भलंमोठं लाकडी धूड दिसेल, ते पूर्वी मालाच्या गाड्या उचलून वजन करायचं यंत्र होतं, मुलांना दाखवायला बरं. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते मात्र आधी बघून ठेवा.

पोचलात. आत शिरलं की कोणी येऊन बसवेल म्हणून दारात उभे राहू नका, आणि कुठलंही टेबल पकडून हात वर करून वेटरला बोलवूही नका. पबमध्ये बारवर जायचं, बुकिंग असेल तर नाव सांगायचं, नसेल तर विचारायचं की जेवायचंय, कुठे बसू. काही पबांत दोन भाग असतात, एक बारचा भाग जिथे फरशी, कुत्री, चिखलाचे बूट सगळं चालतं, आणि एक डायनिंग रूम जिथे कार्पेट असतं आणि टेबलवर येऊन ऑर्डर घेतात. बारच्या भागात बसलात तर ऑर्डर बारवर जाऊन द्यायची, टेबलचा नंबर टेबलावरच कुठेतरी कोरलेला किंवा चिकटवलेला असतो, तो बघूनच उठा, नाहीतर सहा जणांची ऑर्डर पाठ करून बारपर्यंत जायचं आणि टेबल नंबरसाठी परत यायचं. जेवण मग आणून देतात. पैसे तिथेच घेतात किंवा कार्ड ठेवून खातं उघडतात, कुठली पद्धत आहे ते विचारून घ्या.

बारवर रांग दिसत नाही पण रांग असते. म्हणजे लोक काउंटरला पसरून उभे असतात आणि तरी प्रत्येकाला आपल्या आधी कोण आलं ते बरोब्बर माहीत असतं, बारवाल्याला तर असतंच. तुमच्या आधीच्या माणसाला सोडून तुम्हाला विचारलं तर त्याच्याकडे बोट करून आधी यांचं असं म्हणायचं, एवढ्यावर अख्खा बार तुमच्यावर खूश. नोटा हलवणं, चुटक्या वाजवणं, हॅलो बॉस, हे नको. नजरेला नजर मिळाली, मान हलवली, झालं काम.

कुत्र्यांचं सांगायचं राहिलं असतं. इथे पबमध्ये कुत्री सर्रास असतात, टेबलाखाली ओला लॅब्राडोर पसरलेला असतो आणि त्याच्यासाठी पाण्याचा वाडगा पण असतो. घरून आलेले आईबाबा किंवा लहान मुलं घाबरत असतील तर बुक करतानाच कुत्री नसलेल्या भागात टेबल मागा, बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते.

मेनूकडे येऊया. पहिला नियम माझा स्वतःचा, छोट्या गावातल्या पबचा मेनू जर चार पानी असेल आणि त्यात लझान्या, थाई करी, फाहिता आणि स्टेक सगळं एकत्र असेल तर बहुतेक माल फ्रीझरमधून येतोय असं समजा. पाच-सहा मेन डिश आणि भिंतीवर खडूने लिहिलेली तीन स्पेशल, हे चांगलं लक्षण, आणि फळ्यावरची एखादी डिश पुसलेली दिसली तर अजून चांगलं, म्हणजे ती संपली आहे, म्हणजे रोज ताजी बनते. मेन डिश साधारण १६ ते २२ पाउंडांच्या घरात, रविवारचा रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या आणि ग्रेव्ही) १८ ते २५, छापलेल्या किमतीत व्हॅट धरलेला असतो त्यामुळे वर टॅक्सची भानगड नाही.

शाकाहारी मंडळींनी आणि बीफ न खाणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचा, कारण मेनूवर हे लिहिलेलं असेलच असं नाही. यॉर्कशर पुडिंग म्हणजे मैदा, अंडी, दूध एवढंच, पण ते कधीकधी बीफच्या चरबीत भाजतात. रोस्ट बटाटे बदकाच्या किंवा गूजच्या (हंसाच्या) चरबीत, आणि ते कुरकुरीत लागतात ते त्याच्यामुळेच. ग्रेव्ही जवळपास नेहमी मांसाच्या रसाची, शाकाहारी ग्रेव्ही वेगळी मागावी लागते आणि चांगल्या ठिकाणी असते. काही फिश अँड चिप्सवाले बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे बीफच्या चरबीत, तळतात, म्हणजे मग नुसत्या चिप्स पण बाद. पाय (pie, पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि स्टीम केलेल्या पुडिंगच्या पिठात सूएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असू शकते. वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासे. पान्ना कोटात जिलेटिन. कॉटेज पाय बीफचा, शेफर्ड्स पाय लॅम्बचा, गॅमन म्हणजे डुकराचं, बँगर्स म्हणजे सॉसेज आणि ते बहुधा पोर्कचे. ब्लॅक पुडिंगमध्ये रक्त असतं, नाव वाचून चॉकलेटचं समजून मागवू नका.

आणि एक महत्त्वाचं. कायद्याने प्रत्येक हॉटेल-पबला १४ ॲलर्जनची माहिती द्यावीच लागते, दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, मोहरी, ग्लूटेन, मासे वगैरे, आणि मागितलीत की ते फाइल काढून दाखवतात. पण त्या चौदात मांस किंवा प्राण्यांची चरबी नाहीच ना, त्यामुळे तो चार्ट बघून हे शाकाहारी आहे असं ठरवता येत नाही. चार्टात मासे नाहीत, दूध नाही, सगळं रिकामं आणि तरी बटाटे गूजच्या चरबीत तळलेले, असं होऊ शकतं. म्हणून मेनूवरचं व्ही किंवा व्हीई बघा, व्ही म्हणजे शाकाहारी, व्हीई म्हणजे व्हीगन, आणि तरी तोंडाने विचारा की कुठल्या तेलात तळता, माशांचं आणि चिप्सचं तेल एकच आहे का. हे विचारल्याचं कोणाला वाईट वाटत नाही, रोज विचारतात लोक.

मग खायचं काय? दुपारी असाल तर प्लाउमन्स बघा, चीजचे जाड तुकडे, ब्रेड, लोणी, आंबटगोड पिकल, कांदा, सफरचंद, हॅमशिवाय द्या म्हटलं की शाकाहारी. सफोकमध्ये चीज चांगलं मिळतं, बंगेजवळच्या फेन फार्म डेअरीचं बॅरन बिगॉड नावाचं ब्रीसारखं मऊ चीज आहे, मेनूवर दिसलं तर सोडू नका, आणि सफोक गोल्ड थोडं कडक आणि सौम्य, मुलांना आवडतं. चीजबाबत काटेकोर असाल तर रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ, तो प्राण्यांपासूनचाही असतो) शाकाहारी आहे का हे विचारायला विसरू नका. रविवारी मांसाऐवजी नट रोस्ट, म्हणजे दाण्यांचा भाजलेला वडीसारखा प्रकार, असतो, तो चांगला झाला तर फार चांगला आणि वाईट झाला तर भुसा, मी तरी बारवरच्या माणसाला सरळ विचारते की स्वतः खाल्लाय का. त्याचा चेहरा सांगतो. तिखट काहीच नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांसाठी: टेबलावर इंग्लिश मस्टर्ड आणि हॉर्सरॅडिश सॉस मागवा, चमचाभर नाही, अर्ध्या नखाएवढं घ्या, थेट नाकात जातं.

मांसाहारींसाठी सफोक म्हणजे पोर्कचा मुलुख. ए १२ रस्त्यावर ब्लायबराच्या आसपास शेतात पत्र्याच्या अर्धगोल खोपटांबाहेर डुकरं मोकळी फिरताना गाडीतूनच दिसतात, आणि मेनूवर ब्लायबरा पोर्क असं गावाच्या नावाने लिहिलेलं असतं. रोस्ट पोर्क मागवलात तर वरची कातडी, क्रॅकलिंग म्हणतात ती, कुरकुरीत आहे का बघा, तीच खरी मजा, आणि सोबत सफरचंदाचा सॉस. रोस्टची प्लेट आली की आपल्याकडच्या ताटासारखंच आहे, थोडं थोडं सगळं एकत्र घ्यायचं, म्हणजे एक घास मांस, त्यावर बटाटा, यॉर्कशरचा तुकडा ग्रेव्हीत बुडवून. नुसतं मांस आधी संपवून मग उकडलेल्या गाजराकडे बघत बसलात तर इंग्लिश जेवण सपक आहे असंच म्हणाल. ग्रेव्ही कमी वाटली तर अजून मागा, बहुतेक वेळा फुकट देतात.

ऋतू बघून मागवलं तर फायदाच. ॲस्परॅगस, म्हणजे शतावरीच्या जातीचे कोवळे हिरवे कोंब, २३ एप्रिलच्या सुमारास सुरू होतो आणि २१ जूनच्या आसपास संपतो, त्या दोन महिन्यांत तो स्टार्टरमध्ये असेल तर डोळे मिटून घ्या, नंतर दिसला तर बाहेरून आणलेला. उन्हाळ्यात सॅम्फायर, खारट दलदलीत उगवणारी हिरवी काडी, माशाबरोबर येते आणि तीच एवढी खारट असते की वरून मीठ घालू नका. फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याची शिकार १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, त्या काळात मेनूवर दिसतो, चावताना सावकाश, कधी छऱ्याचा दाणा दाताखाली येतो. ऑयस्टर (कालवं) खायचे असतील तर ऑर्फर्ड, तिथे मार्केट स्क्वेअरवर बटली ऑर्फर्ड ऑयस्टरेज आहे, साधी टेबलं, थाटमाट काही नाही, जवळच्या खाडीतले ऑयस्टर आणि ओकच्या लाकडावर धुरी दिलेले मासे. देशी ऑयस्टर सप्टेंबर ते एप्रिल, रॉक ऑयस्टर वर्षभर.

पिण्याचं थोडक्यात. पाईंट म्हणजे ५६८ मिलिलीटर, अर्धा पाईंट मागायला काही लाजायचं नाही. बारवर लांब दांड्याचे हँडपंप दिसतात ती कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरलेली बिअर, ती गरम नसते, तळघराच्या थंडाव्याची असते, ११ ते १३ डिग्री, फ्रीजमधल्या बिअरची सवय असलेल्यांना कोमट वाटते. पंपावरची नावाची पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपलीय, ती मागू नका. कुठली घ्यावी कळत नसेल तर चाखायला मागा, एक घोट देतात. आंबूस व्हिनेगरसारखी लागली तर शांतपणे परत न्या, बदलून देतात. सफोकमध्ये दोन मोठी घराणी, साउथवोल्डचं ॲडनम्स १८७२ पासूनचं आणि बेरी सेंट एडमंड्सचं ग्रीन किंग १७९९ पासूनचं, पबच्या पाटीवर यांचं नाव असेल तर आत मुख्यतः त्यांचीच बिअर, आणि पाटीवर फ्री हाउस लिहिलेलं असेल तर पबवाला हवी ती ठेवू शकतो. फ्री म्हणजे फुकट नाही एवढं सांगते, विचारतात लोक. बिअर नको असेल तर ॲस्पल सायडर, सफरचंदाचं, त्यात अल्कोहोल असतं हे मुलांना देण्याआधी लक्षात घ्या, ज्यूस समजून ग्लास पुढे केलेला मी पाहिलाय. गाडी चालवणाऱ्यासाठी ॲडनम्सच्या घोस्ट शिपची ०.५ टक्केवाली आवृत्ती बऱ्याच ठिकाणी मिळते आणि खरंच बरी लागते. शुद्ध शाकाहारींसाठी अजून एक गाठ, काही कास्क एल माशाच्या पदार्थाने नितळ करतात, तेव्हा व्हीगन आहे का विचारा. साधं नळाचं पाणी दारूचा परवाना असलेल्या प्रत्येक ठिकाणी फुकट द्यावंच लागतं, बाटली घ्यायची सक्ती नाही, टॅप वॉटर म्हणा.

दारू विकत घ्यायला १८ पूर्ण हवीत, आणि पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात, आपली पोरं तिशीतही लहान दिसतात त्यामुळे पासपोर्ट किंवा इथलं लायसन्स जवळ ठेवा. १६-१७ वर्षांच्या मुलांना मोठ्यांबरोबर टेबलावर जेवताना बिअर, वाइन किंवा सायडर चालतं, विकत मात्र मोठ्यानेच घ्यायचं, तरी पबवाला नाही म्हणू शकतो. लहान मुलांना बहुतेक गावांतल्या पबांत संध्याकाळी अमुक वाजेपर्यंतच बारच्या भागात बसू देतात, हे प्रत्येकाचं वेगळं.

बिलात सर्व्हिस चार्ज आहे का ते आधी वाचा. डायनिंग रूममध्ये १० ते १२.५ टक्के लावतात, ऐच्छिक असतो, सेवा वाईट होती तर काढून टाका म्हणता येतं. लावलेला असेल तर वर अजून टिप देऊ नका. नसेल आणि टेबलवर येऊन वाढलं असेल तर दहा टक्के रीतसर. बारवर ड्रिंक घेतलं तर टिप नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच आहे की टिपचे सगळे पैसे स्टाफलाच मिळाले पाहिजेत, त्यामुळे कार्डवर दिली तर मालक खाईल ही भीती आता धरू नका.

आता कुठे जायचं. सगळी यादी देत नाही, तेवढी उपयोगाची पण नसते, पण माझ्या आवडीचे काही.

पिन मिलचं बट अँड ऑयस्टर. ऑरवेल नदीच्या अगदी काठावर, आणि इथे किचनच्या वेळेबरोबर भरतीची वेळ पण बघायची. पूर्ण भरतीला पाणी पबच्या भिंतीला येऊन टेकतं, खिडकीपाशी बसून खाली बघितलं तर जमीन नाहीच, नुसतं पाणी आणि बोटीची दोरी. ओहोटीला तीच जागा चकचकीत राखाडी चिखल, त्यात जुन्या शिडाच्या बार्ज कुशीवर कलंडलेल्या, पक्षी चोची खुपसत फिरतायत. दोन्ही बघायला छान पण पहिल्यांदा जाताय तर भरती एक-दीडच्या आसपास येतेय असा दिवस शोधा, जेवता जेवता पाणी चढताना दिसतं. गाडी मात्र काठावर लावू नका, वर रस्त्याला पार्किंग आहे तिथे लावा आणि चालत उतरा.

साउथवोल्डला गेलात तर गावातल्या पबांत रविवारी गर्दी असतेच, त्यापेक्षा नदीच्या बाजूला बंदराकडे चाला. तिथे हार्बर इन आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर १९५३ च्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची खूण आहे, मान वर करून बघावी लागते. तिथून उन्हाळ्यात वल्ह्याच्या होडीने पलीकडे वॉल्बर्सविकला जाता येतं, होडी चालू नसेल तर थोडं वर पादचारी पूल आहे. वॉल्बर्सविकमध्ये बेल इन, जुना, ठेंगणा, आत फरशा वरखाली झालेल्या, उंच माणसांनी डोकं सांभाळा. होडीची शेवटची फेरी किती वाजता ते आधी विचारा, पूल आहे पण जेवण झाल्यावर तेवढं चालायला सगळे तयार असतीलच असं नाही.

डनिचचं शिप इन पण त्याच बाजूला. एकेकाळी मोठं बंदर होतं डनिच, समुद्राने ते जवळजवळ सगळं गिळलं, आता मूठभर घरं, थोडे अवशेष आणि हा पब, मागच्या बागेत अंजिराचं जुनं अवाढव्य झाड, उन्हाळ्यात त्याच्या सावलीत टेबलं असतात.

लॅक्सफील्डच्या किंग्ज हेडमध्ये बारच नाही. खरंच नाही. उंच पाठीच्या लाकडी बाकांमधून मागच्या खोलीत जायचं, तिथे पिंपं आडवी ठेवलेली असतात आणि थेट तोटीतून ग्लास भरून देतात. गावात त्याला लो हाउस म्हणतात, तेव्हा रस्ता विचारताना तेच नाव घ्या. बेरी सेंट एडमंड्सचा नटशेल मात्र जेवणासाठी नाही, पंधरा फूट बाय सात फुटांचा पब आहे, किचन ठेवणार कुठे, छताला वाळलेलं मांजर टांगलेलं आहे ते बघा, अर्धा पाईंट घ्या आणि बाहेर पडा. जरा खर्च करायची तयारी असेल तर बेरीमध्येच पी पॉरिज हे मिशेलिन स्टारचं छोटं रेस्टॉरंट आहे, आणि वुडब्रिजजवळ ब्रॉम्सवेलचा अनरूली पिग, देशातल्या गॅस्ट्रोपबांच्या, म्हणजे उत्तम जेवणाच्या पबांच्या, यादीत २०२२ ला पहिला आला होता, दोन्हीकडे बुकिंग बरंच आधी लागतं आणि शाकाहारी असाल तर बुकिंगमध्येच लिहा.

आणि एवढं सगळं करूनही तीन वाजता उपाशी सापडलातच, तर गावागावांत पब शोधत फिरू नका, पेट्रोल जातं आणि चिडचिड होते. चिप्सची दुकानं पण दुपारच्या मधल्या वेळात बरीचशी बंद होतात आणि पाचला उघडतात, ऑल्डबराच्या हाय स्ट्रीटवरच्या प्रसिद्ध दुकानाची वेळ पण बघूनच जा, आणि बीचवर खाताना पुडा झाकून ठेवा, सीगल डोक्यावर घिरट्या घालतच असतात. तीन वाजता हमखास चालू असतात ते टी रूम आणि फार्म शॉपची कॅफे, चार-साडेचारपर्यंत. तिथे चीज स्कोन मागवा, गरम करून द्या म्हणायचं, लोणी दोन पुड्या जास्त, चहाची किटली मोठी, आणि सहा वाजता ज्या पबचं किचन उघडतं तिथे टेबलसाठी फोन तिथे बसूनच लावून टाका, त्या वेळेला फोन उचलतात.